मागून आणलेला विस्तव

माय, आज रविवार. सकाळची उपासना आटोपून मी घरी आले, जेवण उरकलं आणि भांडी तशीच ठेवून हे लिहायला बसले आहे. उष्टी भांडी पडलेली तुला कधी खपली नसती, ठाऊक आहे मला. त्यातलं एक पातेलं तर मुद्दामच भिजत घातलंय. ते का, ते शेवटी सांगेन. तू गेलीस तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. आता माझे केस कानांपाशी पांढरे झालेत, तुझं जेवढं वय झालं त्याच्या पुष्कळ पुढे मी येऊन पोचले आहे. कधीकधी तर तुझी आठवण काढताना धाकट्या बहिणीची आठवण काढल्यासारखं वाटतं. तरीही या आठवड्यात जे घडलं ते सांगायला मला तुझ्याखेरीज दुसरं कुणी सुचलं नाही. धुळ्याचं घर सोडून मी जळगावला मुलींच्या शाळेत शिकवायला आले, लग्न केलं नाही, आणि आता इथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांच्या समितीची मी अध्यक्षीण आहे. हे ऐकून तू हसली असतीस. मला घरात साधी झाडलोट नीट जमत नव्हती आणि आता मी दहाजणींना हुकूम सोडते.

तुला माहीत नसलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. गोरे साहेब गेले. देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवसांत त्याचे दोन तुकडे झाले. सिंधकडची माणसं घरंदारं टाकून आगगाडीनं इकडे आली, त्यांतली काही कुटुंबं आमच्या जळगावातही उतरली. मेहरूणच्या वाटेवर एक रिकामं गुदाम आहे, तिथे ती राहतात. मध्ये गोणपाटाचे पडदे टांगून त्यांनी त्याच्या खोल्या केल्या आहेत. आमच्या मंडळीनं काही केलं नाही असं कुणी म्हणणार नाही. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, आम्ही बायकांनी गोधड्या शिवल्या, घरोघर फिरून बाजरी आणि डाळ जमवली, आणि मी स्वतः उभी राहून त्याचं वाटप केलं. अगदी व्यवस्थित, कुणाची धक्काबुक्की नाही. मला माझाच अभिमान वाटत होता म्हण ना. तेवढ्यात माझ्याच वयाची एक बाई पुढे आली. अंगावरचे कपडे मळलेले, पण एके काळी भारी असावेत. तिनं गोधडी घेतली, "बहुत मेहरबानी" म्हणाली, आणि म्हणताना मान अशी काही खाली घातली की माझ्या हातातलं मापटं तसंच राहिलं. ती मान मी ओळखली. लहानपणी धुळ्यात मी ती पाहिली होती, आणि तिचं तू काय केलंस तेही पाहिलं होतं.

पांझरा नदीच्या अलीकडे आपलं ख्रिस्ती देऊळ, आणि त्याला लागून पाळकाचं, म्हणजे आपलं घर. बाबा नगरकडचे, त्यांची मराठी पुस्तकातली. तू पिंपळनेरच्या पलीकडची, तुझी बोली तू शेवटपर्यंत सोडली नाहीस. बाबा तुला हसायचे आणि तू त्यांच्या 'आहे'ला हसायचीस. मंडळी म्हणजे जेमतेम पंचवीस-तीस घरं. बहुतेक सगळी दोन-चार गावांतून आलेली, एकमेकांच्या सोयऱ्याधायऱ्यांतली. मंडळीचे मुख्य पंच म्हणजे नाना, आणि त्यांची बायको नानी. मंडळीत कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाचं भांडण झालं, कुणाला ताप आला, नानीला कळलं नाही असं व्हायचं नाही. बाई प्रेमळ होती, हातानं सढळ होती, फक्त तिच्या मायेत हुकूम जरा जास्त असायचा. आता मीही तशीच झाले आहे, तेव्हा नानीला नावं ठेवायचा मला काही अधिकार उरलेला नाही.

त्या मंडळीत एका उन्हाळ्यात तेलंगी कुटुंब आलं. निजामाच्या मुलखातून, पाऊस नाही म्हणून निघालेलं. नवरा, बायको आणि नवऱ्याचा म्हातारा बाप. वाटेतच कुठेतरी म्हातारा गेला, त्याला परक्या गावात मूठमाती देऊन ही दोघं पुढे आली आणि नवऱ्याला इथल्या कापडगिरणीत काम लागलं. ख्रिस्ती होती ती, तिकडच्या मंडळीतली. पहिल्या रविवारी दारात उभं राहून त्यानं हात जोडले आणि आपला धर्म सांगायला शब्द सापडेना, तेव्हा त्यानं गीताची एक चाल गुणगुणून दाखवली. ती आपलीच चाल होती, शब्द तेवढे निराळे. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मागे त्यांच्यासाठी सतरंजी अंथरली गेली. तिथून पुढे मंडळीनं त्या दोघांचं सगळं केलं. रोज स्वयंपाकाला पीठ घेताना एक मूठ देवाच्या नावानं बाजूला काढायची आपल्या बायकांची रीत होती ना, त्या मुठीचं पीठ त्यांच्याकडे जाऊ लागलं. नानीनं स्वतःच्या हातानं शिवलेली गोधडी दिली. कुणी भांडं दिलं, कुणी लुगडं दिलं. गिरणीमागच्या खोल्यांच्या ओळीत त्यांना जागा मिळवून दिली तीही नानांनी. आणि दर रविवारी उपासना सुटली की नानी सगळ्यांदेखत त्या बाईला विचारायची, "काही कमी तं नही ना वं?" ती बाई मान खाली घालून नाही म्हणायची. तिला दिवस गेले आहेत हेही नानीनंच प्रथम ओळखलं.

मग कापणीचा सण आला. मला तो सण नाताळाहून आवडायचा. देवळात ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, भोपळे, केळीचे घड, सगळं वेदीपुढे मांडलेलं असतं. उपासना झाली की आवारात प्रीतिभोजन. प्रत्येक घरानं आपापलं रांधून आणायचं आणि एका पंगतीत सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. त्या वर्षी तेलंगी बाईही डोक्यावर गाडगं घेऊन आली. धुतलेलं लुगडं, केसांत तेल. गाडग्यात अंबाडीची भाजी, डाळ घालून शिजवलेली, लाल मिरचीची फोडणी दिलेली. दुसऱ्या हातात भाताचं टोपलं. मी अजून पाहते आहे, ती ओळीतल्या भांड्यांशेजारी आपलं गाडगं ठेवते, दोन पावलं मागं सरते आणि वाट बघते. कुणी तिला वावगं बोललं नाही. वावगं बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. नानी लगबगीनं पुढे झाली आणि म्हणाली, "तू कायले तरास लिधा बाई? तू तं आमनी पाहुनी. बठ, तुले वाढतस." आणि तिला पंगतीत अगदी पुढे बसवून तिचं पान भरलं. तिच्या गाडग्याला मात्र कुणी हात लावला नाही. एकीला वाटलं, तिखट असेल. दुसरीनं हळूच विचारलं, हे लोक आधीचे कोण, काय माहीत. बाप्तिस्मा होऊन इतकी वर्षं झाली तरी आधीचं कोण, हे विचारायची खोड आपल्या मंडळीची काही जात नव्हती. गाडगं आलं तसं भरलेलं परत गेलं. वाटेत तिनं ते नदीकाठी बसून गुरांपुढे रिकामं केलं, असं शाळेतल्या एका मुलीनं मला सांगितलं आणि मी तुला.

त्यानंतर ती उपासनेला आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. नवरा एकटा येऊन मागच्या मागे निघून जायचा. मग एका सकाळी आपल्या ओट्यावर नानीची गोधडी ठेवलेली दिसली. धुतलेली, उन्हात वाळवलेली, नीट घडी केलेली. त्याच दिवशी नवऱ्यानं बाबांना सांगितलं की आठवडा संपला की आम्ही परत जाणार. बाबा हादरले. तिकडे कोण आहे तुमचं, असं त्यांनी विचारलं, कुणी नव्हतं. बाईचे दिवस भरत आलेले, गाडीचा प्रवास काही अंतरापर्यंतच आणि पुढे बैलगाडी मिळाली तर मिळाली, नाही तर पायी. म्हातारा ज्या वाटेवर गेला तीच वाट. बाबा त्यांच्या खोलीवर गेले, प्रार्थना केली आणि म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. इथे तुम्हांला आम्ही काही कमी पडू देणार नाही." घरी येऊन त्यांनी तुला हेच सांगितलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. तुझे हात थांबले. "हाईच बोलनात का तुम्ही?" एवढंच म्हणालीस. बाबांना आपलं काय चुकलं ते कळलं नाही. मलाही नाही कळलं. ते तर चांगलंच बोलले होते.

दुसऱ्या दिवसाची सकाळ मला अशी दिसते. हिवाळा नुकता लागलाय. चूल चांगली पेटलेली आहे, तव्यावर एक भाकर आहे, मी पाटावर बसून तिचा पापुद्रा कधी फुगतो ते बघते आहे. तू भाकर उतरवतेस, तवा बाजूला ठेवतेस. मग हंड्यातून तांब्या भरून घेतेस आणि चुलीत ओततेस. फस्स आवाज, राखेचा लोट, घरभर धूर. मी किंचाळले, "माय, आगीवर पाणी!" मला वाटलं तुला वेड लागलं. शेजारपाजारच्या बायका चूल विझू नये म्हणून रात्री निखारे राखेत झाकून ठेवायच्या, काडेपेटीतली काडी कुणी उगाच जाळायचं नाही, आणि तू भरल्या चुलीवर पाणी! तू चूल नीट तपासलीस. एक निखारा आत धुगधुगत होता, त्यावर उरलेलं पाणी टाकलंस. "गप ऱ्हाय," म्हणालीस, "चाल मनासंगे." कोपऱ्यातलं एक खापर घेतलंस, त्यात गोवरीचा तुकडा ठेवलास, पदर डोक्यावर ओढलास आणि आपण निघालो.

विस्तव मागायला जाणं म्हणजे काय, हे आता माझ्या शाळेतल्या मुलींना समजावून सांगावं लागतं. तेव्हा सांगावं लागत नव्हतं. चूल विझली की बाई खापर घेऊन शेजारणीकडे जाते, पण कुठल्याही शेजारणीकडे नाही. जिच्या चुलीवरचं आपल्याला चालतं तिच्याकडे. मागणारीनं कुणाकडे मागितलं यावरून गल्लीला सगळं कळायचं. म्हणून तू नानीच्या दारावरून जायला लागलीस तेव्हा मला वाटलं, आता वळणार. नानी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं खापर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. "पाळकीनबाई, इस्तो जोयजे का? या ना, मना चुल्हामाईन लई जा." तू थांबलीस. नानीला नाही म्हणणं सोपं नव्हतं, माय. आपलं घर मंडळीच्या जिवावर चालायचं, आणि मंडळी नानीच्या शब्दावर. "नको नानी," तू म्हणालीस, "मी पुढे जास." नानीनं विचारलं, "पुढे कोठे? पुढे तं आपलं कोनीच नही." आपण पुढे गेलो आणि माझी मान मागे वळलेली, नानी ओट्यावर उभी राहून आपल्याकडे बघतेय.

गिरणीमागच्या त्या खोलीत दोन गाठोडी बांधून भिंतीशी ठेवलेली होती. तीन दगडांची चूल पेटलेली होती, वाटेसाठी काहीतरी शिजत होतं. तिनं तुला पाहिलं आणि लगेच उभी राहिली, पोटावर हात धरून, तीच खाली घातलेली मान. तिला वाटलं असणार, आली आणखी काहीतरी द्यायला. तू दारातच उभी राहून खापर पुढे केलंस. "मना चुल्हा इझी गया, बाई. थोडासा इस्तो देशी का?" तिला तुझी बोली कळली नाही, पण खापर कळलं. गोवरी कळली. ती तुझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग अडखळत म्हणाली, "हमारे चूल्हे का? तुम लेते?" तू मान डोलावलीस आणि खापर तसंच धरून ठेवलंस. आता मला कळतं, ती नाही म्हणाली असती तर तुझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.

ती खाली बसली. चुलीतली लाकडं मागंपुढं करून तिनं एक निखारा शोधला, तो बाजूला टाकला, दुसरा शोधला. चांगला लाल, न धुमसणारा. तो चिमट्यानं उचलून तुझ्या गोवरीवर ठेवला, वर राख भुरभुरली, आणि म्हणाली, "लेव, अक्का." आपल्याकडेही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, तेवढा एक शब्द दोघींच्या भाषांतून सारखा निघाला. तू निघशील असं मला वाटलं, पण तू खापर दाराशी ठेवलंस आणि मांडी घालून बसलीस. गाडग्याकडे बोट दाखवून विचारलंस, "काय रांधं व?" तिनं गाडगं उघडलं. अंबाडीच होती. तिनं आपल्या दोघींना वाढलं आणि तू भाताचा गोळा कालवून मटकन तोंडात टाकलास. मीही टाकला आणि माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझी ती गत पाहून ती बाई हसली. धुळ्यात आल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती. मग हसता हसता तिनं पदर तोंडात धरला आणि ती रडायला लागली, आणि तू तिला गप्प केलं नाहीस, तू जेवत राहिलीस आणि पान चाटूनपुसून साफ केलंस.

परत येताना तू मुद्दाम सगळ्या दारांवरून आलीस. खापरातून धुराची रेघ निघत होती, कुणालाही विचारायची गरज नव्हती. नानी ओट्यावर नव्हती, पण तिच्या खिडकीची झडप हलली. घरी येऊन तू ओली राख काढलीस, चूल सारवलीस आणि त्या विस्तवावर उरलेल्या भाकरी केल्यास. दुपारी बाबा जेवायला बसले तोवर त्यांच्या कानावर आलंच होतं. "आपली चूल विझली कशी?" त्यांनी विचारलं. तू ताक वाढत होतीस. "पानी पडनं," म्हणालीस. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे पाहिलं.

त्या दिवशी गाठोडी सुटली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तू परत गेली नाहीस, कुणाला पाठवलंही नाहीस. नुसती दाराकडे बघत कामं करायचीस आणि मला उगाच रागवायचीस. मग एका संध्याकाळी ती दारात आली, हातात वाटी. "अक्का, थोडा मीठ." तू उडी मारूनच उठलीस. मीठ दिलंस आणि ती वळायच्या आत म्हणालीस, "परत आनी दे बरं का." मला तुझी लाजच वाटली, चिमूटभर मीठ काय परत मागायचं! ती मात्र खुशीत गेली आणि सकाळी वाटीभर मीठ आणून दिलं, नेलं होतं त्याहून जास्त. गाठोडी सुटली ती तेव्हा. पुढच्या महिन्यात तिला मुलगा झाला, तू तिच्या उशाशी बसलेली होतीस आणि बाहेर ओट्यावर, कुणी बोलावलं नसताना, नानी येऊन बसली होती. गोधडीही तिनं पुन्हा आणली होती, पण या खेपेला बाळासाठी, आणि हातात देताना काही बोलली नाही.

नानी एका दिवसात बदलली असं मी म्हणणार नाही, माणसं तशी बदलत नाहीत. पुढच्या कापणीच्या सणाला ते अंबाडीचं गाडगं ओळीत आलं तेव्हा तू पहिली उठलीस. तुझ्यामागं आणखी दोघी. नानी सगळ्यांत शेवटी आली, चमचाभर घेतलं, तोंड वाकडं केलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "इतली आंबट भाजी कोन खास वं? पुढला साले दाळ जास्ती टाक." मला वाटलं, झालं, आता ही पुन्हा गाठोडी बांधते. पण ती बाई कमरेवर हात ठेवून तिच्या त्या मोडक्या बोलीत म्हणाली, "तुमारा भाकर भी कडक है, नानी!" आणि सारी पंगत हसली, नानीसुद्धा. पाहुणीच्या भाजीला कुणी नावं ठेवत नाही. त्या दिवसापासून ती पाहुणी राहिली नाही.

तू असं का केलंस ते तू मला फक्त एकदा सांगितलंस, आणि तेही केस विंचरताना, माझं तोंड पलीकडे असताना. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात तुझे आईबाप गेले आणि तुला मिशनच्या अनाथाश्रमात आणलं, एवढं मला ठाऊक होतं. तू म्हणालीस, "तठे समदासनी मले समदं दिधं, पोरी. भाकर दिधी, आंगडं दिधं, देव दिधा. पन मनाकडे कोनी काहीच मांगं नही." मग विहिरीवर एकदा नगरचा एक नवखा उपदेशक आला आणि त्यानं तुझ्याकडे प्यायला पाणी मागितलं. तुझ्या हातात घागर होती आणि मागणारा तहानलेला होता. त्याच माणसाशी तू लग्न केलंस. शास्त्रातली विहिरीकाठची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे, प्रभूनं परक्या बाईकडे पाणी मागितलं ती. पण ती उपदेशात ऐकताना मला नेहमी प्रभू दिसायचा. तुला ती बाई दिसत असणार, तिच्या हातातली घागर दिसत असणार.

तू गेलीस त्या दिवशी, माय, आपली चूल पेटली नाही. दुःखाच्या घरात पेटत नाही. तुला न्हाऊ घातलं ते नानीनं आणि त्या तेलंगी अक्कानं, दोघींनी मिळून, एक पाणी घालायची आणि दुसरी पुसायची. मातीहून परत आल्यावर सगळी मंडळी आपल्या ओसरीत सतरंजीवर बसली होती, आणि पहिलं भांडं आलं ते तिच्या घरून. अंबाडी. नानांपासून सगळे ती जेवले. मी नुसती पानापुढे बसून राहिले. बाबा मात्र पानातलं सगळं संपवून उठले. कुणी तिथे 'आधीचे कोण' असं विचारलं नाही.

आता आजचं सांगते. उपासनेहून आले, चुलीवर भात चढवला, आणि एकाएकी उठले. काही ठरवलं नव्हतं. शिजायला वेळ होता, गुदाम काही लांब नाही. जुनं मडकं फुटलेलं होतं, त्याचं खापर घेतलं, गोवरी ठेवली आणि मेहरूणच्या वाटेला लागले. रस्त्यात आमच्या समितीतली एक बाई भेटली, तिनं खापराकडे बघून डोळे मोठे केले. हल्ली विस्तव मागायला कोण जातं? गोणपाटाच्या पडद्याआड ती गोधडी नेलेली सिंधी बाई रोट्या भाजत होती. मला बघितलं आणि उठून उभी राहिली, आज काय वाटायला आणलंय म्हणून माझ्या हातांकडे पाहिलं. मी म्हणाले, "चूल विझली बहनजी. थोडी आग द्याल?" माझी हिंदी अशीच आहे. "आग?" ती म्हणाली, "हमसे?" मग तिनं मागं वळून पाहिलं. मागे बाजेवर तिची सासू बसलेली होती. दोघींचं त्यांच्या भाषेत काही बोलणं झालं. मी ख्रिस्ती, आमचे वाडवडील कोण होते तेही तिनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आणि तिनं नाही म्हटलं असतं तर खापर घेऊन मुकाट परत आले असते. सून माझ्याकडे वळली. "अम्मा कहती हैं, धुएँवाला मत देना. अच्छा जलता हुआ देना." आणि म्हातारीनं बाजेवर हात थोपटून मला शेजारी बसायला सांगितलं.

मी बसले. रोटी खाल्ली, कांद्याबरोबर. म्हातारीनं माझ्या साडीचं सूत बोटांत धरून पाहिलं आणि काहीतरी नापसंतीचं बोलली, सुनेनं ते मला सांगितलं नाही, पण मला कळलं आणि फार बरं वाटलं. निघताना सुनेनं मान खाली घातली नाही. खापर माझ्या हातात देऊन म्हणाली, "कल भी बुझ जाए तो आ जाना." तिच्या डोळ्यांत हसू होतं, माय, मला वाटतं तिला सगळं कळलं होतं.

हे पत्र तुझ्यापर्यंत कसं पोचणार, ते काही मला ठाऊक नाही. घडी करून गीतांच्या पुस्तकात ठेवून देईन. पण एक सांगायचं राहिलं, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला भांडी घासायला उठवणार नाही. तू विस्तव मागायला निघालीस तेव्हा आधी आपली चूल विझवलीस, शेवटचा निखारासुद्धा, म्हणजे दारात उभं राहून तुला खोटं बोलावं लागलं नाही. माझ्याच्यानं तेवढं झालं नाही. मी तिला चूल विझली म्हणाले तेव्हा काडेपेटी माझ्या कनवटीला होती आणि घरी माझी चूल चांगली ढणढणत होती. परत आले तर वास दारापर्यंत आला होता. भात पार करपला, तोच आज मी जेवले. पातेलं अजून भिजतंय.